विमानतळाचं काम कशामुळं रखडतं, माणसं कुठं कमी पडतात? जमीन देणाऱ्यांनी आणि नोकरी शोधणाऱ्यांनी काय बघायचं

युसूफ वडगाव (ता. केज) : बीड जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. युसूफ वडगाव परिसरातल्या माणसाला विमान पकडायचं तर पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाही तर थेट मुंबई गाठावी लागते. लातूरची धावपट्टी त्यातल्या त्यात जवळ, पण तिथून नियमित प्रवासी विमानसेवा टिकलेली नाही. तरीही विमानतळ हा विषय इथल्या लोकांना लांबचा राहिलेला नाही. जिल्ह्यात विमानतळ व्हावा ही मागणी अधूनमधून बातम्यांत येते. शिवाय ‘एअरपोर्टमध्ये भरती, दहावी पास चालेल’ असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर सतत फिरत असतात.

मोठा प्रकल्प किती लांबतो हे बीडकरांना कोणी वेगळं सांगायला नको. २६१ किलोमीटरच्या अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेमार्गाला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली आणि बीड शहरात रेल्वे पोहोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. मधल्या तीस वर्षांत एक पिढी म्हातारी झाली. मात्र रेल्वे रखडते त्याहून विमानतळ रखडण्याची तऱ्हा थोडी वेगळी आहे. इथं इमारत उभी राहते, रंग लागतो, फीत कापली जाते आणि तरी विमान उडत नाही.

पुण्यात इमारत तयार, पण जवान नाहीत

पुण्याच्या लोहगाव विमानतळाची जुनी इमारत अपुरी पडत होती. दिवाळीत, लग्नसराईत आत पाय ठेवायला जागा नसायची. म्हणून सुमारे ४७५ कोटी रुपये खर्चून नवी टर्मिनल इमारत बांधली. कोरोनात काम मागं पडलं, ठरलेल्या तारखा हुकल्या. शेवटी १० मार्च २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीनं उद्घाटन झालं. पण तिथून प्रवासी जायला लागले ते १४ जुलै २०२४ पासून. मधले चार महिने नवी इमारत बंद आणि जुन्या इमारतीत तीच गर्दी.

या चार महिन्यांत अडलं होतं ते मुख्यतः माणसांवर. प्रवाशांची आणि सामानाची तपासणी करणारे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे, म्हणजे सीआयएसएफचे, जवान नव्या इमारतीसाठी जास्तीचे लागणार होते. दोनशेहून अधिक पदांना केंद्रीय गृह मंत्रालयाची मंजुरी लागत होती. ती मिळेपर्यंत, जवान येईपर्यंत आणि सुरक्षेच्या चाचण्या पार पडेपर्यंत दारं उघडता येत नव्हती.

इथं एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. इमारत बांधते भारतीय विमानतळ प्राधिकरण. ते खातं नागरी हवाई वाहतूक मंत्रालयाकडं. जवान देतं गृह मंत्रालय. सुरक्षा व्यवस्थेला मान्यता देतो नागरी विमान सुरक्षा ब्युरो. परवाना देतं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए. लोहगावची धावपट्टी तर हवाई दलाची आहे. एका कामाची पाच टेबलं. सिमेंट-लोखंडाचा हिशेब पहिल्या टेबलावर वेळेत झाला तरी दुसऱ्या टेबलावरची फाईल उशिरा उघडली की सगळं थांबतं. गावात शाळेची खोली बांधून होते, पण शिक्षकाचं पद मंजूर होत नाही, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की शाळा एका शिक्षकावर कशीबशी भरते. विमानतळ तसा भरत नाही.

एका खुर्चीमागं पाच माणसं

माणसं कमी पडतात याचं मूळ साध्या हिशेबात आहे. विजेच्या उपकेंद्रात ऑपरेटरची एक खुर्ची चोवीस तास भरलेली लागते, तसंच विमानतळावर. दिवसाला तीन पाळ्या, आठवड्याला एकवीस. एक माणूस आठवड्याला सहा पाळ्या करणार. म्हणजे नुसती साप्ताहिक सुट्टी धरली तरी एका खुर्चीला साडेतीन माणसं लागतात. त्यात रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं की आकडा पाचाजवळ जातो. तपासणीचं एक नवं दार उघडलं तर तिथं उभे राहणारे, यंत्राचा पडदा बघणारे, बॅग उघडून पाहणारे आणि महिला प्रवाशांसाठी महिला कर्मचारी, असं प्रत्येकाला पाचनं गुणायचं. प्रकल्प अहवालात इमारतीचे चौरस मीटर बारकाईनं मोजलेले असतात. हा गुणाकार मात्र बहुतेक वेळा शेवटी आठवतो.

बरं, ही माणसं कुणीही चालतील अशी नाहीत. हवाई वाहतूक नियंत्रकाचं उदाहरण घ्या. टॉवरमध्ये बसून वैमानिकाला उतरायची, उडायची परवानगी देणारा हा माणूस. त्याला आधी प्रशिक्षण केंद्रात शिकावं लागतं. पुढं ज्या विमानतळावर नेमणूक झाली तिथं अनुभवी नियंत्रकाच्या नजरेखाली काम करून त्या जागेची पात्रता मिळवावी लागते. पुण्यात दहा वर्षं काम केलेला नियंत्रक उद्या दुसऱ्या टॉवरवर पाठवला तरी लगेच एकटा खुर्चीवर बसू शकत नाही. तिथली धावपट्टी, तिथले डोंगर, तिथले हवाई मार्ग शिकावे लागतात. म्हणून नियंत्रकांची गरज दोन वर्षं आधी ओळखावी लागते. ऐन वेळी बदली करून ती भागत नाही.

आगीच्या बंबांचंही तसंच. विमान जेवढं लांब-रुंद, तेवढी आगीची श्रेणी वरची. सत्तरेक आसनांच्या एटीआर-७२ विमानाला पाचव्या श्रेणीची तयारी पुरते, एअरबस ए-३२० उतरवायचं तर सहावी श्रेणी लागते. श्रेणी वाढली की पाणी, फोम, गाड्या आणि माणसं सगळंच वाढतं. इशारा मिळाल्यापासून जास्तीत जास्त तीन मिनिटांत बंब धावपट्टीच्या टोकापर्यंत पोहोचला पाहिजे असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. तेवढे लोक पाळीवर नसतील तर त्या श्रेणीचं विमान उतरवता येत नाही. लहान विमानतळाची धावपट्टी वाढवली, पण अग्निशमन दल तेवढंच राहिलं, तर वाढवलेल्या धावपट्टीचा उपयोग कागदावरच.

‘उडान’ योजनेतल्या लहान विमानतळांबाबत आणखी एक अट आहे आणि तिची चर्चा फार होत नाही. या विमानतळांवर पोलीस बंदोबस्त आणि अग्निशमन सेवा राज्य सरकारनं विनामूल्य द्यायची असते. म्हणजे ज्या पोलीस दलातून तालुक्याच्या ठाण्यांना माणसं मिळतात, त्याच दलातून विमानतळालाही काढायची. नवीन पदं मंजूर न करता विमानतळ सुरू केला, तर कुठल्या तरी ठाण्यातली माणसं तिकडं जाणार. विमानतळ मागताना पुढाऱ्यांनी ही बाजूही मांडली पाहिजे. ती सहसा मांडली जात नाही.

परवाना देणाऱ्या खात्यातही तुटवडाच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनं डीजीसीएच्या रिकाम्या पदांवर बोट ठेवलं. मंजूर १०६३ पदांपैकी ५५३ च भरलेली होती, म्हणजे जवळपास निम्मं खातं रिकामं. तपासायला माणूस नसेल तर तपासणीची तारीख पुढं जाते आणि तयार विमानतळ वाट बघत बसतो.

सोलापूर : चिमणी पडली, पुढं दोन वर्षं

केज तालुक्यातल्या ऊसवाल्यांना सोलापूरची गोष्ट लवकर कळेल. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाजवळ श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखाना. कारखान्यानं सहवीजनिर्मितीसाठी उंच चिमणी उभारली आणि ती विमानांच्या वाटेत येते म्हणून विमानसेवा अडली. एका बाजूला शहरातले व्यापारी, उद्योजक, प्रवासी. दुसऱ्या बाजूला कारखान्याचे सभासद आणि कामगार. चिमणी गेली तर गाळप कमी होईल, ऊस कुठं घालायचा, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता. वाद अनेक वर्षं चालला, कोर्टात गेला. अखेर १५ जून २०२३ रोजी मोठ्या बंदोबस्तात चिमणी पाडली.

अनेकांना वाटलं, आता विमान सुरू. पण नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं २९ सप्टेंबर २०२४ रोजी. पहिलं नियमित विमान गोव्याला उडालं ते ९ जून २०२५ रोजी. चिमणी पडल्यापासून जवळपास दोन वर्षं गेली. धावपट्टीचं काम, डीजीसीएचा परवाना, मार्ग घेणारी कंपनी आणि कंपनीकडं रिकामं विमान हे सगळं जुळायला तेवढा वेळ लागला. म्हणजे चिमणी हे कारण खरं होतं, पण एकटं नव्हतं. सगळ्यांना दिसणारा अडथळा एक असतो, त्याच्या मागं न दिसणारे चार उभे असतात. चिमणीवरून भांडण चालू असतानाच बाकीची कामं करून ठेवता आली असती तर ही दोन वर्षं बरीच आखडली असती.

यातून ग्रामपंचायतींनी घेण्यासारखी एक गोष्ट आहे. विमानतळाच्या आसपास, काही ठिकाणी वीस किलोमीटरपर्यंत, बांधकामाच्या उंचीवर मर्यादा असते. चिमणी, मोबाईल टॉवर, उंच इमारत, पाण्याची उंच टाकी यांना विमानतळ प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला लागू शकतो. त्यासाठी रंगीत नकाशे काढलेले असतात, कोणत्या पट्ट्यात किती उंची चालेल ते त्यावर कळतं. आपल्या भागात विमानतळ मंजूर झालाच, तर तो नकाशा ग्रामपंचायतीनं आधी मागवून भिंतीवर लावावा. आधी बांधून मग पाडण्यात सगळ्यांचंच नुकसान होतं.

नवी मुंबई : १९९७ ते २०२५

राज्यातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लांबलेला प्रकल्प म्हणजे नवी मुंबईचा विमानतळ. कल्पना १९९७ ची. केंद्रीय मंत्रिमंडळाची तत्त्वतः मंजुरी २००७ मध्ये. खारफुटी आणि नद्यांचा प्रश्न होता, त्यामुळं पर्यावरणाची परवानगी नोव्हेंबर २०१० मध्ये मिळाली. बांधणारी कंपनी ठरली २०१७ मध्ये, भूमिपूजन १८ फेब्रुवारी २०१८ रोजी. त्या वेळी २०१९ च्या अखेरीस विमान उडेल असं सांगितलं गेलं. प्रत्यक्षात उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी आणि पहिलं प्रवासी विमान २५ डिसेंबर २०२५ रोजी.

१११६० नव्हे, ११६० हेक्टरचा हा प्रकल्प, म्हणजे जवळपास २९०० एकर. जागा सपाट नव्हती. उलवे टेकडी सुरुंग लावून फोडावी लागली, उलवे नदीचा प्रवाह वळवावा लागला, दलदलीत भराव टाकावा लागला, उच्च दाबाच्या वीजवाहिन्या हलवाव्या लागल्या. दहा गावठाणं उठवायची होती. त्यातच २०२० मध्ये कोरोना आला, मजूर गावाकडं परतले. पुढं काम घेतलेला जीव्हीके उद्योगसमूह आर्थिक अडचणीत आला आणि २०२१ मध्ये प्रकल्प अदानी समूहाकडं गेला. ठेकेदाराची आर्थिक तब्येत हेही रखडण्याचं मोठं कारण असतं.

मराठवाड्यालाही याचा अनुभव आहे. २००९ मध्ये लातूर, नांदेड, धाराशिव, यवतमाळ आणि बारामती हे पाच विमानतळ ९५ वर्षांच्या भाडेकरारानं रिलायन्स समूहातल्या कंपनीकडं गेले. त्यातून अपेक्षित विकास झाला नाही आणि ते परत आपल्याकडं घ्यायचा निर्णय राज्य सरकारला घ्यावा लागला. लातूरला विमान का नाही, असं विचारणाऱ्यांनी हा मधला काळ लक्षात घ्यावा.

नवी मुंबईत गावं हलली ती फुकट हलली नाहीत. या भागात लोकनेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ मध्ये मोठं आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून सिडकोनं घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची पद्धत आली. विमानतळासाठी जमीन देणाऱ्यांना पुढं साडेबावीस टक्क्यांचं पॅकेज ठरलं. विमानतळाला दि. बां.चंच नाव देण्याची मागणीही झाली. प्रकल्प गावकऱ्यांमुळं रखडला असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेबही बघावा. मोबदल्याचा प्रश्न आधी सुटला असता तर पुढची बरीच वर्षं वाचली असती.

माणसांच्या बाबतीत मात्र नवी मुंबईत एक शहाणपणाची गोष्ट झाली. विमानतळ पहिल्या दिवसापासून चोवीस तास चालवायचा अट्टाहास धरला नाही. सुरुवातीला सकाळी ८ ते रात्री ८ असे बारा तासच, आणि दिवसाला २३ उड्डाणं ठेवली. वर दिलेला पाळ्यांचा हिशेब इथं उपयोगी पडतो. बारा तास चालवायचं तर माणसं निम्मी पुरतात, नवखे लोक दिवसाउजेडी हात बसवून घेतात, यंत्रांच्या चुका कमी गर्दीत कळतात. मग हळूहळू तास वाढवायचे. पुण्याची नवी इमारत आणि नवी मुंबईची सुरुवात शेजारी ठेवून पाहिली तर टप्प्याटप्प्यानं उघडण्याचा फायदा कळतो.

हे दुखणं आपल्याकडंच नाही

जर्मनीच्या बर्लिनमध्ये नवा विमानतळ जून २०१२ मध्ये उघडणार होता. निमंत्रणं गेली होती. काही आठवडे आधी कळलं की आग लागली तर धूर बाहेर काढणारी यंत्रणा नीट चालत नाही. विमानतळ उघडला ऑक्टोबर २०२० च्या अखेरीस, आठ वर्षांनी. लंडनच्या हीथ्रोवर कोरोनानंतर सामान उचलणारे, तपासणी करणारे परत मिळेनात. जुलै २०२२ मध्ये त्यांनी दिवसाला एक लाखापेक्षा जास्त प्रवासी जाऊ देणार नाही असं जाहीर करून कंपन्यांना तिकीटविक्री थांबवायला सांगितलं. लोक चिडले, पण टर्मिनलात रात्र काढण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आपल्याकडं डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला उलटं झालं. वैमानिकांना जास्त विश्रांती देणारे नवे नियम नोव्हेंबरपासून पूर्ण लागू झाले होते. इंडिगो कंपनीकडं त्या नियमांत बसणारे पुरेसे वैमानिक वेळापत्रकाला जुळले नाहीत. काही दिवसांत हजारो उड्डाणं रद्द झाली, पुणे-मुंबईत प्रवासी जमिनीवर झोपले. नियम आधीच माहीत होते. शेवटी सरकारनं कंपनीची उड्डाणं दहा टक्क्यांनी कमी करायला लावली.

जमीन जाणार असेल तर

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाची धावपट्टी वाढवायचा विषय कित्येक वर्षं चालू आहे, कारण शेजारी वस्ती आहे आणि जमीन महाग. पुरंदरला २०१६ मध्ये विमानतळ जाहीर झाला. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी ही सात गावं अंजीर-सीताफळाची. मध्येच जागा बदलायचं ठरलं, पुन्हा जुन्याच जागेवर आले. मे २०२५ मध्ये ड्रोन सर्वेक्षणाच्या वेळी गावकरी आणि पोलिसांत संघर्ष झाला. पुढं संपादनाचं क्षेत्र कमी केलं गेलं. या सगळ्या काळात तिथल्या शेतकऱ्यानं नवी विहीर खोदायची का, बाग लावायची का, मुलीच्या लग्नाला जमीन विकता येईल का? रखडण्याची खरी झळ इथं बसते. विमान उशिरा आलं तर प्रवासी दुसऱ्या शहरातून जातो. ज्याच्या सातबाऱ्यावर शेरा आहे त्याला तसं करता येत नाही.

२०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे. त्यात मुदती ठरलेल्या आहेत. कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना निघाली की त्या जमिनीचे व्यवहार थांबतात. तिथून बारा महिन्यांत कलम १९ ची घोषणा व्हावी लागते. घोषणेपासून बारा महिन्यांत निवाडा व्हावा लागतो, सरकारला मुदत वाढवता येते पण त्याची कारणं द्यावी लागतात. बाजारभावाला ग्रामीण भागासाठीचा गुणक, त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, शिवाय अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत (ताबा आधी घेतला तर ताब्यापर्यंत) बाजारभावावर वर्षाला बारा टक्के वेगळे. पैसे न देता ताबा घेतला तर पहिल्या वर्षी नऊ टक्के आणि नंतर पंधरा टक्के व्याज.

पैसे उचलताना फार जण फसतात ते एका ओळीवर. मोबदला कमी वाटत असेल तर रक्कम घेताना ‘हरकत राखून स्वीकारली’ असं लेखी नोंदवलं पाहिजे. तसं न लिहिता पैसे घेतले की कलम ६४ खाली वाढीव मोबदल्यासाठी अर्ज करता येत नाही. हा अर्ज निवाड्याच्या वेळी हजर असलेल्यानं सहा आठवड्यांत करायचा. हजर नसलेल्यासाठी नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यातली आधी संपणारी मुदत. थेट खरेदीनं, म्हणजे वाटाघाटी करून खरेदीखत दिलं, तर राज्यात २५ टक्के जास्त मिळण्याची तरतूद आहे, पण मग वाढीव मोबदल्याचा हा रस्ता राहत नाही. सही करण्याआधी दोन्ही रकमा कागदावर मांडून बघाव्यात. काही विमानतळांसाठी एमआयडीसी कायद्याखाली संपादन होतं, पुरंदरला तसंच आहे. तिथं पद्धत वेगळी, म्हणून नोटिशीवर कोणता कायदा लिहिलाय ते आधी वाचायचं.

संयुक्त मोजणीच्या दिवशी घरातलं कोणी तरी शेतात हजर असलंच पाहिजे. विहीर, बोअर, पाईपलाईन, गोठा, फळझाडं मोजणीत आली नाहीत तर निवाड्यात येत नाहीत. वारस नोंद राहिली असेल, भावाभावांत वाटणीचा फेरफार अडला असेल तर तो आधी करून घ्यावा. ई-पीक पाहणी दर हंगामात भरावी. प्रकल्पाची नक्की तारीख हवी असेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज पुरतो, उत्तराची मुदत तीस दिवस. ‘विमानतळ कधी होणार’ असं विचारलं तर उत्तर येत नाही. कलम ११ ची अधिसूचना निघाली का, निधी किती वर्ग झाला, सुरक्षा आणि अग्निशमनाची किती पदं मंजूर झाली, असं वेगवेगळं विचारलं तर कागद हातात येतो. पदांच्या प्रश्नाचं उत्तर ‘प्रस्तावित’ असं आलं, तर उद्घाटनाची तारीख काहीही सांगितली तरी विमान लांब आहे असं समजायला हरकत नाही.

जागा आहेत, पण कुणासाठी

१६ जुलै २०२४ रोजी मुंबईत कालिन्याला एआय एअरपोर्ट सर्व्हिसेस या कंपनीनं सामान उचलणाऱ्यांसाठी थेट मुलाखती ठेवल्या. जागा साधारण दोन हजार, आले पंचवीस हजारांवर. चेंगराचेंगरीची वेळ आली. पदवीधर पोरंही रांगेत होती. एकीकडं माणसं मिळत नाहीत म्हणून इमारती बंद आणि दुसरीकडं ही रांग. दोन्ही खरं आहे. तुटवडा आहे तो शिकलेल्या आणि परवाना असलेल्या माणसांचा, आणि वेळेत मंजूर झालेल्या पदांचा.

म्हणून केज, अंबाजोगाईच्या कॉलेजात शिकणाऱ्यांनी आधी पात्रता बघावी. हवाई वाहतूक नियंत्रकासाठी विमानतळ प्राधिकरण ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह या पदाची परीक्षा घेतं. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बीएस्सी, किंवा अभियांत्रिकीत हे दोन्ही विषय झालेले लागतात, आणि इंग्रजी बोलता आलं पाहिजे. खुल्या गटाला वय २७ पर्यंत, आरक्षणानुसार सवलत. प्रशिक्षणाची केंद्रं प्रयागराज, हैदराबाद आणि आपल्याच राज्यात गोंदियाला. गावाकडच्या बीएस्सीच्या मुलांना हे पद माहीतच नसतं, सगळे तलाठी आणि पोलीस भरतीच्या मागं.

अग्निशमनाच्या ज्युनिअर असिस्टंट पदाला बारावी, किंवा दहावीनंतर मेकॅनिकल, ऑटोमोबाईल वा फायरचा तीन वर्षांचा डिप्लोमा चालतो. वाहन परवाना आणि मैदानी चाचणी आहेच. जड वाहनाचा परवाना आधीच काढून ठेवलेल्याला इथं फायदा होतो. पोलीस भरतीसाठी धावणाऱ्यांनी सीआयएसएफचा विचार जरूर करावा. शिपाई पदासाठी स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या जीडी कॉन्स्टेबल परीक्षेतून दहावीवर जाता येतं, वय १८ ते २३. पुण्याची इमारत ज्या जवानांसाठी अडली, ते याच रस्त्यानं येतात.

सामान उचलणे, ट्रॉली, स्वच्छता, चेक-इन ही कामं बहुतेक खासगी कंपन्यांकडं. पगार कमी, पाळ्या कडक आणि मुंबई-पुण्यात राहायचा खर्च आपला. तिथं आत जायला पास लागतो आणि त्याआधी पोलीस पडताळणी होते, म्हणून गुन्हा नोंद असेल तर अडचण येते. ज्या पोरांवर गावातल्या भांडणातून केस झाली आहे त्यांनी ती आधी निकाली काढावी.

आता त्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजबद्दल. ‘ग्राउंड स्टाफ, पगार ३५ हजार, परीक्षा नाही, नोंदणी फी १५५०, गणवेशाचे ४ हजार, मुलाखत फोनवर’ या धर्तीची जाहिरात आली की पैसे पाठवू नयेत. विमानतळ प्राधिकरण परीक्षेशिवाय कायम नोकरी देत नाही आणि तिची परीक्षा फी अधिकृत संकेतस्थळावरच भरायची असते, कुणाच्या फोन-पे नंबरवर नव्हे. विमान कंपन्या उमेदवाराकडून गणवेशाचे, प्रशिक्षणाचे आगाऊ पैसे फोनवर मागत नाहीत. नेमणूकपत्रावर विमानाचं चित्र आणि गोल शिक्का असला म्हणजे ते खरं असं नाही. शंका आली तर कंपनीच्या संकेतस्थळावर करिअर पान उघडून तीच जागा तिथं आहे का ते बघावं. पैसे गेलेच असतील तर उशीर न करता १९३० या नंबरला फोन करावा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर समोरच्याच्या खात्यात रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. फोन करताना व्यवहार क्रमांक, तारीख-वेळ आणि ज्या नंबरवर पैसे पाठवले तो नंबर हाताशी ठेवावा, मेसेज डिलीट करू नयेत आणि त्यानंतर जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्यावी.